बाबांच्या आवाजाच्या फाइली

गेल्या वर्षी बाबांना लकवा मारला आणि त्यांची वाचा गेली. ते आईसोबत जानेफळला, मी नोकरीपायी बुलढाण्यात एका खोलीत. बाबांना लिहिता येत नाही. लकव्याआधी ते मला मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करून निरोप पाठवायचे. ते सगळे मी लॅपटॉपवर उतरवून घेतले. पाहतो तर प्रत्येक फाइलीच्या नावात नुसते लांबलचक आकडे, आणि तारीख सगळ्यांची एकच, उतरवल्या दिवसाची. कोणतं बोलणं आधीचं, कोणतं नंतरचं, कळेना.

एकदम पुष्कळ फाइलींची नावं बदलणारं एक फुकट सॉफ्टवेअर मिळालं. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे होणारं नवं. फाइली वर-खाली सरकवून ओळ लावायची, मग एका क्लिकमध्ये सगळ्यांना क्रमांक. कुणा अनोळखी माणसाने ते तयार करून देऊन टाकलंय. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि तेही अशाच कुणाकुणाच्या देण्यावर. म्हणून मला त्याचं फार वाटतं. पण ओळ मलाच लावायची होती. रविवारी खोलीचं दार लावून ऐकायला बसलो.

हा फोन नव्हे, हे बाबांना कधी पटलंच नाही. ते विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे.

“हालो. जेवला काय बे?” मग कितीतरी वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. “बरं. सोयाबीन सोंगून राह्यलो. तुही माय म्हणते, पोरगा सायब झाला, आता बोलत नाही. मी म्हटलं, बोलून राह्यला ना, तुलेच आयकू येत नाही.”

त्या शांततेत मी खोलीत एकटाच “हो, जेवलो” म्हणालो.

शेतीच्या कामांवरून ओळ लागत गेली. सोंगणी, म्हणजे सोयाबीनची कापणी, दिवाळीच्या आधीची, हरभऱ्याचं पाणी थंडीतलं, वखरणी उन्हाळ्यातली. शेवटी एकच फाइल उरली. तिच्यात शेत नाही, पाऊस नाही, आई नाही.

“हालो... हालो. कामात हाय वाटते. ठेवतो मंग.”

ती अगदी पहिली असेल, नाहीतर लकव्याच्या आदल्या दिवसाची. आईला फोन लावला, तो बाबांच्या कानाशी धरायला सांगितला, लॅपटॉपवरून ती ऐकवली आणि ही पहिली काय, असं विचारलं. बाबांनी मान हलवली तरी पुरे होतं.

आईच बोलली, “काऊन आयकवतं त्यायले? रडून राह्यले ना ते.”

मी ती फाइल ओळीतून बाहेर काढली आणि बाकीच्यांना क्रमांक दिले. ती तशीच आहे, आकड्यांच्या नावाने.