तळहातावरची चिलापी

मूल गावच्या बाजारात मी मासळी विकते. डोक्यावरच्या टोपलीपासून सुरुवात केली, आता स्वतःचा टेम्पो आहे. माझ्याशी भाव करायला ठोक व्यापारीही दबकतात. पण मासा ओळखायला मला कुणी शिकवलं नाही, आणि हा राग मी बापावर अजून धरून आहे.

माझं माहेर ढिवरांचं, पिढीजात मासेमारांचं. गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, आम्ही त्याला मामा तलाव म्हणतो, दर पावसाळ्यात बीज सोडतात, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती कशाची, हे बाबा पांढऱ्या थाळीत पाहून सांगत. कटल्याचं डोकं मोठं आणि शेपटीपाशी डाग नाही. रोहूला तिथे काळसर पट्टा. मिरगलीला शंकरपाळ्यासारखा ठिपका. हे सगळं ते माझ्या भावाला शिकवत. मी जवळ गेले की म्हणत, "तू काऊन आली? पोरगी सासरी जाते, तलावाची विद्या संगं घेऊन जाते."

मग मी चुलीपाशी मासे साफ करत बसायची आणि कान तिकडे ठेवायची. भाऊ आता कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात आहे. त्याला रोहू ताटात वाढल्यावरच ओळखू येतो.

मागच्या पावसाळ्यात बीज आलं तेव्हा मी माहेरीच होते. गाडीवाल्याने हवा भरलेल्या पिशव्या तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. पिल्लांना पाण्याची सवय झाली की पिशव्या सोडायच्या. तेवढ्या वेळात बाबांनी थाळीत पिल्लं घेतली, वाकले, डोळे बारीक केले. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कुणाला सांगायचं नाही.

"रोहू हाय. सोडा," ते म्हणाले.

मी मागून डोकावले. थाळीत रोहू होते, पण त्यांच्यात चार-पाच पिल्लांच्या अंगावर उभे पट्टे आणि पाठीच्या परावर काळा ठिपका. चिलापी! ती एकदा तलावात शिरली की भराभर वाढते, सगळं खाऊन टाकते आणि आमच्या बोटरी-केवईसारख्या गावठी माशांना जागा उरत नाही. मग काही केलं तरी ती निघत नाही.

आणि मासेमारांची सगळी सोसायटी पाळीवर, तलावाच्या बांधावर उभी. बाबा चुकले म्हटलं असतं तर तलाव वाचला असता, पण ती थाळी पुन्हा त्यांच्या हाती कुणी दिली नसती. त्या थाळीशिवाय म्हातारा काय करणार होता?

मी पदर खोचला आणि गाडीवाल्यावर तुटून पडले. "ओ भाऊ, पिशवीले हात लावू नका! आमाले येडे समजून राह्यले का?"

"बाई, तुमच्या बाबानंच पास केलं ना."

"माह्या बाबानं वरचे पाह्यले. खालचे कोन पाहील, तुमचा सासरा?"

पाळीवर हशा पिकला. तेवढ्यात मी एक पट्टेवालं पिल्लू उचलून बाबांच्या तळहातावर ठेवलं. "सांगा बाबा, हे काय हाय?"

त्यांनी डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठा शेपटीकडून डोक्याकडे पाठीवर उलटा फिरवला. काटे टोचले. रोहूच्या पाठीला असे काटे नसतात.

"चिलापी," बाबा गरजले. "उचल सगळ्या पिशव्या!"

गाडीवाला कुरकुरत पिशव्या ओढू लागला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा हात अजून पक्का आहे. माझं नाव कुणी घेतलं नाही. मीही त्या दिवशी पहिल्यांदाच आपला माल फुकट जाऊ दिला.

घरी जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "तुले कोनं शिकवलं?"

"तुमीच. दादाले सांगत होते तवा मी चुलीपाशी बसून आयकत होती."

ते भात कालवत राहिले. "आवाज लय मोठा हाय तुहा," एवढंच म्हणाले.

डोळ्यांचं ऑपरेशन करायला ते अजून तयार नाहीत. त्यावरून आमचं दर आठवड्याला भांडण होतं. पण यंदा बीज यायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"बाजारातून थाळी आन. पांढरी पायजे. अन् मोठी आन, दोघाले वाकता आलं पायजे."

दुकानात होती त्यातली सर्वांत मोठी थाळी मी घेतली. भावसुद्धा केला नाही.