खटकांची रणगर्जना

आम्ही शिरूरचे पठाण. त्यातही खटक टोळीचे, हे आजोबा नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी सांगायचे. आमचे पूर्वज म्हणे कुठल्याशा घोडदळाबरोबर खैबरखिंड ओलांडून आले आणि घोडनदीकाठी राहिले ते राहिलेच. घरात बोलणं निम्मं दखनी, निम्मं मराठी. भांडण मात्र पुरतं मराठीत, त्याशिवाय त्याला रंग चढत नसे. पश्तू कुणाच्या बापाला येत नव्हती.

आजोबांचा इतिहास सगळ्या पेठेला पाठ होता. "आमचा सरदार औरंगजेबाशी लढला! एका हातात तलवार, एका हातात कलम. कैदेत पडला तरी शायरी सोडली न्हाई!"

"औरंगजेबाशी लढला? मंग आपलाच माणूस की!" असं म्हणून पानवाले आप्पा त्यांना बसायला फळी पुसून देत.

एवढ्या सगळ्या वैभवातून आमच्या घरापर्यंत पोचल्या होत्या फक्त दोन पश्तू ओळी. पहिली आखूड, दुसरी लांब. लग्न असो, बारसं असो, नवा बैल दारात येवो, आजोबा फेटा बांधून उभे राहत, मिशीला पीळ देत आणि त्या ओळी ठोकत. ही म्हणे खटकांची रणगर्जना. अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता, पण लोक "व्वा खानसाहेब!" म्हणायचे. आम्हा बायकांना मात्र तेव्हा पडद्याआड जावं लागे. रणगर्जना बायकांनी ऐकायची नसते! पडदा म्हणजे एक जुनी चादर, तिच्यामागून सगळं ऐकू यायचं. मला तर त्या ओळी पाठ झाल्या होत्या.

आणि हे रणवीर घरात उंदीर दिसला की बाजेवर चढायचे. झाडू घेऊन धावायची ती आजी.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि मी मॅट्रिक झाले होते. माझे चाचा दौंडला रेल्वेत होते. त्यांच्या ओळखीनं तिथल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायची जागा मला मिळत होती. राहायचं चाचांकडेच. मला ती नोकरी हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. आजोबांनी एका वाक्यात निकाल लावला. "खटकाची लेक चारचौघांत तोंड उघडत न्हाई." मी दोन दिवस जेवले नाही. आजी म्हणाली, "जेव गं. उपाशी पोटी भांडता येत न्हाई."

अशात एका रविवारी चाचा दौंडहून पाहुणा घेऊन आले. काबूलकडचा पोरगा, पुण्यात शिकायला होता. स्टेशनात गाडी रखडली तेव्हा ओळख झालेली. टोळी वेगळी, पण भाषा पश्तूच. हिंदी तो सिनेमे पाहून शिकला होता, त्यामुळे पाणीसुद्धा नायकासारखं मागायचा. आजोबा हरखले. एवढ्या वर्षांनी कळणारा माणूस मिळाला! जेवण होताच फेटा आला. आम्ही चादरीमागे. आजोबांनी छाती फुगवून दोन्ही ओळी ठोकल्या.

"व्वा" आली नाही. मी चादरीच्या भोकातून पाहिलं, तर पाहुण्याचे कान लाल झाले होते. त्यानं ओठ चावला, सरबताचा पेला तोंडाला लावला आणि फुस्सकन सगळं सरबत सतरंजीवर.

"काय झालं? मतलब सांगा!" आजोबा गरजले.

तो सांगेना. चाचांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ही रणगर्जना नाही, हा टप्पा आहे, दोन ओळींचं गाणं. आमच्याकडे टप्पे बहुतेक बायकाच रचतात. पाण्याला जाताना म्हणतात, लग्नात म्हणतात, त्यावर कुणाचं नाव नसतं. मग खाली मान घालून त्यानं अर्थ सांगितला:

'वेशीवर मिशांना पीळ देतोस, राजा,
आणि घरात उंदीर निघाला की मलाच पुढे ढकलतोस!'

चादरीमागे आजी मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं बया! माझ्या आधीबी कुणीतरी भोगलंय की गं हे!"

मग ती उठली, पदर सारखा केला आणि सरळ बाहेर गेली. परक्या पुरुषासमोर असं येऊन बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. "म्हंजी तुमच्याकडं बाया चारचौघांत बोलतात?"

"बोलतात? धुलाई करतात, अम्मा!"

आजी आजोबांकडे वळली. "पिढ्यान्‌पिढ्या एका बाईचं बोलणं मिरवलंत. आता ही पोर चार लेकरांना ग म भ न शिकवंल, तर टोळीची कोणती अब्रू जाती, सांगा की!"

आजोबांनी फेटा सोडला. मी आतून उड्या मारत होते, पण त्यांचा तो उतरलेला चेहरा बघून वाईटही वाटलं. त्या दोन ओळींवरच तर त्यांनी सगळी मान कमावली होती.

मी नोकरीवर निघाले तेव्हा दौंडच्या एस.टी.पर्यंत पोचवायला तेच आले. मी गाडीत बसले, तर खिडकीशी येऊन म्हणाले, "ते म्हण."

"काय?"

"नाटक करू नको. चादरीमागून पाठ केलंयस, म्हाईत हाय मला. म्हण. आता ते माझ्या तोंडी शोभत न्हाई."

भरल्या गाडीत मी तो टप्पा म्हटला, दुसरी ओळ त्यांच्यासारखीच लांबवून. आजोबांचा हात मिशीकडे गेला आणि तसाच खाली आला.

कंडक्टरनं विचारलं, "खानसाहेब, काय म्हणली वो पोरगी?"

"रणगर्जना हाय," आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्यातल्या बायांची."