लाल ठिपका

माझ्या नवऱ्याने चौतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात चुका शोधायचा पगार घेतला. क्वालिटी चेकर. एका हातात केसाएवढी जाडी मोजायचं व्हर्नियर, दुसऱ्या हातात लाल रंगाचा ब्रश. जरासा फरक दिसला की मालावर ठिपका आणि माल भंगारात. तोंडावर त्यांना साहेब म्हणत, पाठीमागे रिजेक्ट.

निवृत्त झाले आणि व्हर्नियर घेऊन घरी आले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पावाचे काप मी एकसारखे कापत नाही, टॉवेलांच्या घड्या जुळत नाहीत, न्हाणीघराचं दार दोन मिलिमीटर उतरलंय. एकदा बरणीच्या झाकणावर लाल ठिपका दिसला. झाकण नीट बसत नव्हतं, हे खरं. पण माझ्या स्वयंपाकघरात ठिपका? माझं डोकंच फिरलं. या माणसाला कायमचं घराबाहेर काढणं जमणार नव्हतं. निदान आठवड्यातून तीन तास तरी काढायचंच, असं मी ठरवलं.

कोपऱ्यावरच्या वाचनालयात वरच्या खोलीत दर रविवारी तीन ते सहा एक खेळ चालतो. तो चालवणाऱ्या ग्रंथपालबाईंनी मला समजावून सांगितलं. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, "तुमच्यासमोर बंद दार आहे." बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करणार ते बोलतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत.

"सामान काय लागतं?" मी विचारलं.

"फाशांचा एक संच, पेन्सिल, खोडरबर आणि पात्राचा कागद. नियमांचं पुस्तक आमच्याकडे आहे. उगाच जास्त काही आणू नका."

मी त्याच दिवशी सगळं आणलं. सात फासे, चार बाजूंच्यापासून वीस बाजूंच्यापर्यंत. ह्यांनी लगेच व्हर्नियर काढलं. "अगं, हा बारा बाजूंचा एका अंगाने पातळ आहे."

"तुम्ही वीसही बाजूंनी वाकडे आहात, मी काही बोलते का?"

पहिले चार रविवार म्हणजे स्वर्ग होता. मी चपला घालून पलंगावर लोळले. पाव हाताने तोडून खाल्ला, चुरा सांडला, तसाच ठेवला.

तिकडे ह्यांचं पात्र मात्र एकाच खड्ड्यात तीनदा पडलं होतं. दर वेळी फासा दोन नाहीतर तीन. दोष अर्थात फाशाचा. खेळायला येणारी दातांची डॉक्टरीण म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." ते ह्यांना फार लागलं. चौथ्या रविवारी ते सगळ्यांचे फासे "धुवून आणतो" म्हणून घरी घेऊन आले.

माझ्या काचेच्या भांड्यात अख्खी मिठाची पिशवी रिकामी झाली. खारट पाण्यात फासा तरंगतो. बोटाने गिरकी दिली की जड बाजू खाली जाते आणि तोच तोच आकडा वर येतो. प्रत्येक फाशाला चाळीस गिरक्या, सगळ्याची वहीत नोंद. ग्रंथपालबाईंचा वीस बाजूंचा फासा चाळीसपैकी सतरा वेळा वीस दाखवत होता. ह्यांनी ब्रश काढला.

"अहो, तो त्यांचा फासा आहे!"

"माप सगळ्यांना एकच," असं म्हणून त्यांनी ठिपका दिला.

पुढच्या रविवारी ते सव्वातीनलाच परत आले. "काय झालं?"

"त्यांना खरं सोसत नाही."

मी चपला अडकवल्या आणि तडक वाचनालय गाठलं. ह्यांनी सगळ्यांसमोर वही मोठ्याने वाचून दाखवली होती. ग्रंथपालबाईंनी तळहातावर तो फासा धरला. "अकरा वर्षं खेळतेय मी ह्याने. वीस पडला की सगळे टाळ्या वाजवायचे. आता आधी माझ्या तोंडाकडे बघतात. तुमच्या मिस्टरांना परत पाठवू नका."

मी लाज सोडून गयावया केली. तीन नाही तर दोन तास. निदान एक. डॉक्टरीणबाई हसली. "अहो, खुर्ची रिकामीच आहे. तुम्हीच बसा की."

इतक्या दिवसांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. ह्यांना घालवायच्या नादात, आपणही उठून जाऊ शकतो, हे मी विसरूनच गेले होते. मला माझाच संताप आला.

ह्यांचा पात्राचा कागद तिथेच पडला होता. पात्राला एखादा तरी दोष लागतो; त्याशिवाय गोष्ट रंगत नाही म्हणे. ‘दोष’ लिहिलेल्या रकान्यात ह्यांनी लिहिलं होतं : ‘तपासले. दोष नाही.’ खाली सही आणि तारीख. मी ग्रंथपालबाईंकडून लाल पेन मागून घेतलं. मग नवा कागद घेतला आणि सहापर्यंत खेळले. फासा ग्रंथपालबाईंचाच घेतला, ठिपक्याचा.

घरी पोचले तेव्हा हे दारात घड्याळ घेऊन उभे. "सहा वाजून बारा मिनिटं झाली."

"पुढच्या रविवारीही होतील. तिथे आता मी जाणार."

"आणि मी?"

मी कागदाची घडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली. त्यांच्या सहीवर लाल ठिपका होता, चांगला वाटाण्याएवढा. त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. व्हर्नियर काही काढलं नाही.