वायरीची मजुरी

लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे जे जुने, स्वस्तातले कॅमेरे असतात, त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना हेडफोन लावायला जागाच नसते. नवरदेवाच्या मामाचं भाषण नीट भरतंय की नुसती खरखर भरतेय, हे शूटिंग करणाऱ्याला घरी गेल्यावर कळतं. पण टीव्हीला जोडायचं एक बारीक छिद्र असतं. तिथून आवाज काढून हेडफोनपर्यंत पोचवणारी वायर मी बनवते. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, स्वयंपाक उरकला की खिडकीपाशी बसून.

हे काम मी कागलच्या एमआयडीसीत शिकले. गाड्यांच्या वायरी जोडायच्या कारखान्यात चार वर्षं होते. मुलगी झाली आणि नोकरी सुटली.

कॅमेऱ्याचं सामान विकणारा एक दुकानदार माझ्याकडून दहा-दहा वायरी न्यायचा, एकीला एकशे ऐंशी द्यायचा. वायरीच्या टोकाला लावायच्या पिना महागल्या तेव्हा मी अडीचशे मागितले. त्यानं एका पावतीच्या पाठीमागं पिना, वायर, कथील अशी बेरीज केली. एकशे दहा.

"सत्तर रुपये सुटत्यात की वैनी तुमास्नी!"

"आणि माझी मजुरी?"

"मजुरी कसली? घरातच तर बसून करताय की!"

सगळी उत्तरं सुचली ती घरी चालत येताना. कारखान्यात हेच हात चालायचे तेव्हा सुपरवायझर घड्याळ धरून उभा राहायचा, सेकंदांचा हिशेब ठेवायचा. तेच हात घरात आले की फुकट? नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे की. त्याचं तरी काय चुकलं?" त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला मी हजर. पिशवीत सोल्डर गन, पिना, वायर.

"आज घरात नाही करत. इथं बसून करते. घड्याळ बघा."

त्याला गंमत वाटली. मी स्टुलावर बसले, गन तापवली. आतल्या तारा केसासारख्या बारीक. उष्णता जास्त झाली तर प्लास्टिक वितळतं, कमी पडली तर जोड महिन्याभरात सुटतो. पस्तीस मिनिटं लागली. शेवटचा जोड देत होते तेव्हा गडमुडशिंगीचा एक शूटिंगवाला आत आला आणि भिंतीवर टांगलेल्या पाकिटाकडं बोट करून म्हणाला, "ही वायर केवड्याला?"

पाकिटात माझीच वायर होती.

"साडेसहाशे," दुकानदार सवयीनं बोलून गेला. "फारेनचा माल हाय."

मी गन खाली ठेवली. "ह्यो फारेन मंगळवार पेठेत हाय!" इतक्या मोठ्यांदा म्हणाले की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावला.

दुकानदाराचा चेहरा पडला, पण तोंड बंद झालं नाही. "दुकानाचं भाडं कोण देतंय? लाईट कोण भरतंय?"

"तुमचं भाडं मोजता, तर माझी मजुरीबी मोजा."

"परवडत न्हाय तर देऊ नगासा."

मी सामान पिशवीत भरलं, नुकती केलेली वायरही घेतली आणि बाहेर पडले. शूटिंगवाला मागोमाग पायरीवर आला.

"वैनी, तुमी केवड्याला द्याल?"

"चारशे."

"घरगुतीच हाय न्हवं? अडीचशे घ्या की."

सगळं डोळ्यांदेखत बघून हा माणूस हेच म्हणाला! मी विचारलं, "लग्नाच्या शूटिंगचे तुम्ही किती घेता? नुसते मेमरी कार्डाचे पैसे घेता का?"

त्यानं कॅमेरा काढून वायर जोडली, हेडफोन कानाला लावला. समोरून जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न असा कानात शिरला की तो दचकलाच. मग खिशातून चारशे काढले. थँक्यू वगैरे काही नाही.

त्यानंतर दुकानदारानं माझ्याकडून एकही वायर घेतली नाही. शूटिंगवाल्यानं मात्र माझा नंबर चार जणांना दिला. महिन्याला पूर्वीपेक्षा कमी वायरी जातात, हे खरं. घरी येणारा प्रत्येक जण आधी गॅसची शेगडी बघतो, दोरीवरचे कपडे बघतो आणि मग भाव पाडायला लागतो. दर वेळी माझं डोकं तितकंच फिरतं. मागच्या आठवड्यात पिना पुन्हा महागल्या, तेव्हा मी साडेचारशे केले. एकजण हात जोडून निघून गेला. मी त्याला परत बोलावलं नाही.