जित्या माणसाचं पान

नवा तांदूळ घरात आला की आधी मेलेल्यांनी खायचा, मग म्हाताऱ्यांनी, मग पुरुषांनी, मग पोरांनी, आणि उरला तर बायकांनी. लग्न होऊन मी केशोरीला आले तेव्हा हीच रीत होती. माहेरीही हीच होती, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. भूक मात्र लागायची.

हलका धान लवकर पिकतो. त्यातला थोडा कापून आणायचा, उखळात कांडायचा आणि गूळ घालून खीर करायची. चुलीजवळची जागा सारवून तिथे घरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसासाठी एक पळसाचं पान मांडायचं. मांडताना ते कोणाचं ते मोठ्यानं सांगायचं. पानावर एकदा खीर पडली की पान उचलायचं नाही. घरचे सगळे जेवले की मग ती पानं कावळ्यांसाठी छपरावर ठेवायची. मांडायचं काम घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं, म्हणजे आमच्याकडे सासूचं. सासूला मी मामी म्हणत असे.

मी सांगते ते वर्ष स्वराज्य आल्यानंतरचं, दोन-तीन वर्षांनी. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. घरात मामी, भासरा म्हणजे माझ्या नवऱ्याचा मोठा भाऊ, त्याची बायको म्हणजे माझी जाऊ, त्यांची पोरं आणि मी. माझा नवरा घरी नव्हता. धानाची रोवणी उरकल्यावर बैलांवरून तो भावाशी भांडला आणि गोंदियाला मालधक्क्यावर हमाली करायला निघून गेला. गावातला एक माणूस गोंदियाच्या बाजाराला गेला होता, त्यानं येऊन सांगितलं की तो आता तिथे नाही, पुढे कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही. त्यानंतर काहीच कळलं नाही. जिवंत आहे की नाही हेही नाही. मी कुंकू लावत होते, कारण लावायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं.

मामीचं डोकं त्या वर्षापासून बिघडायला लागलं होतं. भाजीत मीठ दोनदा टाकायची. जावेच्या मोठ्या पोराला शेजाऱ्याचा पोरगा समजून घरी जा म्हणायची. एकदा तर मला विचारलं, "तू कोनाची वो? कवा आली?" मी म्हटलं, "तुमचीच सून हाव." म्हणाली, "मंग उभी काऊन राह्यली? भांडे घास."

पण मेलेल्या माणसांत ती कधी चुकत नसे. तिचा सासरा, तिची सासू, तिचा नवरा, देवी येऊन गेलेली तिची मुलगी, कोणाचं काय आवडीचं, कोण कशानं गेलं, सगळं तिला जसंच्या तसं आठवायचं. जिवंत माणसांत घोळ आणि मेलेल्यांत नाही, अशी तिची गत होती. हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा गोंधळ इथेच आहे.

त्या दिवशी जावेनं खीर केली. घरातला जुना तांदूळ कधीच संपला होता, आम्ही कोदोच्या, म्हणजे भरड धान्याच्या, भातावर होतो, त्यामुळे पोरं सकाळपासून चुलीपाशी बसून होती. मामी आंघोळ करून आली आणि पानं मांडायला लागली. "हे सासऱ्याचं. हे सासूचं. हे मालकाचं. हे माह्या पोरीचं." प्रत्येक पानावर पळीभर खीर. आम्हाला वाटलं झालं. तिनं आणखी एक पान घेतलं, पुसलं, मुलीच्या पानाशेजारी ठेवलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आन हे तुह्या मानसाचं." आणि खीर वाढली.

जावेच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. भासरा दाराशी बसला होता, तो उठला.

"मा, काय करून राह्यली? लहाना जित्ता आहे ना!"

"जित्ता आहे तं जेवायले काऊन नाई आला?" मामी म्हणाली.

भासरा पान उचलायला वाकला तर जाऊ त्याच्यावर खेकसली, "हात नोका लावू! खीर पडली पानावर. एक उचललं तं बाकीचे सारे उपाशी उठतीन."

"मंग का ठेवू? माह्या जित्त्या भावाचं पान कावळ्याले देऊ?"

"मले का पुसता? बैलाच्या पायी तुमीच हाकलला त्याले."

तो खाली बसला. मी त्याचं तोंड पाहिलं नाही, भासऱ्याचं तोंड पाहायचं नसतं, पण त्याचे पाय दिसत होते आणि पायाची बोटं हलत होती. पोरांमधलं एक रडायला लागलं. खीर निवत चालली होती.

मला लोक नंतर विचारायचे, तुला तेव्हा काय वाटलं. खरं सांगायचं तर मला काही धड वाटलंच नाही. एक मन म्हणत होतं की म्हातारीला वेड लागलंय, तिनं पोराला नेहमीसारखं जेवायला वाढलंय, बस. दुसरं मन म्हणत होतं की ही मेलेल्यांत कधी चुकत नाही. ते पान तसंच राहिलं असतं आणि छपरावर गेलं असतं तर मी त्या घरात कोण उरले असते? कोणी बांगड्या फोडा म्हटलं नसतं, पण उद्यापासून सगळ्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं असतं. मीही पाहिलं असतं.

मग मी पुढे सरकले, ते पान माझ्याकडे ओढलं आणि खायला लागले.

"माय वो!" जाऊ ओरडली. "मेलेल्याच्या आंधी खाल्लं! सासूच्या आंधी खाल्लं!"

भासऱ्याशी मी बोलत नसे, तो खोलीत असला तरी बोलणं जावेमार्फत. म्हणून मी जावेला म्हटलं, "बाई, सांगा त्यायले. मी माह्या नवऱ्याचं उष्टं खाऊन राह्यली. रोज खातो तसं. उष्टं सोडाले मानूस जित्ता लागते. मेलेलं मानूस उष्टं सोडत नाई."

नवऱ्याच्या ताटात बायकोनं जेवायचं, ही पण रीतच होती. तेवढीच मला त्या वेळी सुचली. ती बरोबर लागू होत होती की नाही हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. कोणाला विचारायचं? जाणतं माणूस म्हणजे मामी, आणि तिनंच तर घोळ घातला होता.

मामी माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं आता शिव्या देते. तिनं विचारलं, "गोड झाली का?"

मी म्हटलं, "गूळ कमी आहे."

"त्याले गोड नाई चालत," ती म्हणाली. "म्हनूनच कमी टाकाले सांगतलं."

हे खरं होतं. माझा नवरा गोड खात नसे. पण खिरीत गूळ जावेनं आपल्या मनानं टाकला होता, मामीनं काही सांगितलं नव्हतं. म्हणजे तो जिवंत आहे म्हणून ती बोलली, मेला म्हणून बोलली, की नुसतं तोंडाला येईल ते बोलली? यावर मी आणि जाऊ कित्येक वर्षं बोललो. दरवेळी उलटंच ठरायचं.

मग सगळे जेवले. पान रिकामं होतं, ते मी चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी भासरा कोणाला न सांगता गोंदियाला गेला, दोन दिवस शोधून तसाच परत आला आणि बैलांना चारा टाकायला लागला.

उशिरा पिकणारा भारी धान कापणीला आला तेव्हा माझा नवरा घरी आला. वाळून काटूक झालेला, केस गेलेले. बालाघाटकडे रेल्वेच्या कामावर गेला होता, तिथे ताप चढला. बोलताना अर्धी हिंदी. "बुखार में पडा था," म्हणे, "सोबतचे लोक बोलले, ये तो गया." जावेनं लगेच विचारलं, "कोनत्या दिवशी?" त्याला दिवस सांगता येईना. तापात कसला दिवस आणि कसली तिथी. जाऊ म्हणाली, हिनं पान खाल्लं म्हणून वाचला. भासरा म्हणाला, आईला तेव्हाच कळलं होतं. नवरा म्हणाला, "म्हंजे माह्या हिश्शाची खीर हिनंच खाल्ली. आता मले भात तरी वाढ."

मामी भिंतीला टेकून बसली होती. त्याच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "कोन होय हा? याले पानी द्या, लांबून आलेला दिसते." मला हायसं वाटलं. ज्याला ती ओळखत नव्हती तो नक्की जिवंत होता.

आता मामी नाही, भासरा नाही, जाऊ नाही. नवरा म्हातारा होऊन खाटेवर गेला, त्याला झाली बरीच वर्षं. पानं मी मांडते. देवाधर्माचं म्हणाल तर माझा फारसा विश्वास नाही, आणि मांडल्याशिवाय घास उतरत नाही. दोन्ही खरं आहे, काय करायचं ते मला माहीत नाही. त्याचं पान मांडताना दरवर्षी हात थोडा अडतो, ओढून घ्यावंसं वाटतं. पण तो खरंच गेला आहे, मी पाहिलं आहे, म्हणून मी ते पान सोडते.

यंदा मी पानं मांडली आणि उठायला लागले तर सून म्हणाली, "आई, हे शेवटचं कोणाचं?"

मी पाहिलं. एक पान जास्त होतं, खीर वाढलेली होती आणि ते मीच मांडलं होतं. कोणाचं म्हणून मांडलं ते मला आठवेना. मुलगा समोर बसला होता, नातू बसले होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. सुनेची नजर मी ओळखली, मामीकडे आम्ही तसंच पाहत होतो.

"माझं आहे," मी म्हटलं, आणि पान ओढून घेतलं.

मी खायला लागले. खीर फार गोड केली होती सुनेनं.