गुळाशिवायची रेघ

आयुष्यभर भाईंदरच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर विद्यार्थिनी मिळाली ती वरातीची घोडी. प्राण्यांच्या बुद्धीवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमनी मला जवळच्या चेणे गावातल्या तबेल्यात नेमलं. घोडीने तोंडात ब्रश धरून कागदावर रेघ ओढायची, की मी गुळाचा खडा द्यायचा. "गाढवांना शिकवलंय, घोडीचं काय एवढं!" असं मी ऐटीत म्हणाले होते.

फटाक्याने तिचा एक कान भाजलेला होता. लांबून बँड ऐकू आला तरी थरथरायची. पण रेघ ओढून झाली की चार पावलं मागे सरून कागदाकडे बघत राहायची. हे मी शिकवलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या एकाही कार्ट्याने कधी केलं नव्हतं. माझा तिच्यावर जीव जडला.

शेवटच्या टेस्टला गूळ बंद. ती खाण्यासाठी रेघ ओढते की स्वतःच्या मर्जीने, हे मॅडमना बघायचं होतं. पास झाली तर कायम तबेल्यात, नाहीतर परत मालकाकडे, वरातीला. रोजचा काळा रंग कॅमेऱ्यात उठून दिसत नाही म्हणून त्या दिवशी मॅडमनी लाल कालवला. तो बघताच घोडीने मान खाली घातली, कपाळ पुढे केलं आणि डोळे मिटून उभी राहिली. वरातीआधी बायका कुंकू लावायच्या तेव्हा तिला असंच उभं राहायची सवय.

"अहो, तिला ते कुंकू वाटतंय! काळा द्या," मी ओरडले.

"बाई, टेस्ट सुरू झाल्यावर काही चेंज करता येत नाही."

घोडीने ब्रश धरलाच नाही, नापास झाली. तिला परत न्यायला आलेला मालक तिचा दोर सोडत हसला. "गूळ न्हाय तर काम न्हाय. आपलं बी तसंच हाय, बाई."

लग्नसराईत ती मला भाईंदर पश्चिमेला एका हॉलबाहेर दिसली. पाठीवर नवरदेव, कानाशी ताशा. दारातल्या रांगोळीपाशी आंब्याची डहाळी पडली होती, ती तिने तोंडात धरली. मला वाटलं, खाईल. तिने रांगोळीतून तिरकी रेघ ओढली, मग मागे सरली आणि बघत राहिली. नवरदेव कलंडला. "अपशकुन केला मेलीने!" कुणीतरी किंचाळलं. मालकाने चाबूक ओढला तो नेमका भाजलेल्या कानावर. पोरं हसत व्हिडिओ काढत होती.

मी रडतच मॅडमना फोन लावला. "ओढली हो तिने! गुळाशिवाय ओढली!"

"अरे वा. पण बाई, रिसर्च पेपर तर छापायला पाठवून झालाय."

फोन ठेवून वळले. बायका रांगोळी पुन्हा घालत होत्या आणि मालक घोडीचं तोंड दोरीने आवळून बांधत होता.