चालीत बसवलेले बारा शब्द

मी चौथी शिकलो. पण निपाणीच्या तंबाखू वखारीत कुठल्या पोत्यावर कुठली खूण, हे चाळीस वर्षं कागदाविना सांगितलं. त्याच घमेंडीत लेकीला म्हणालो, "मला दे. कागद उंदीर खातात, माझं डोकं कोण खातंय?"

लेक बेळगावात शिकवण्या घेते. साठवलेलं सगळं तिनं बिटकॉइनमध्ये घातलं होतं. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरल्या ओळीनंच. ते विसरले की पैसे गेले; दाद मागायला साहेबसुद्धा नाही. भाड्याच्या खोलीत चार बायका, तिथं कागद ठेवायची तिला भीती.

तिनं शब्द सांगितले, मी घोकले. अर्थ माहीत नसलेले शब्द डोक्यात टिकेनात, म्हणून भजनाच्या एका चालीत बसवले. रोज अंघोळीला म्हणायचो.

गेल्या महिन्यात बेळगाव स्टँडवर चोरानं तिचा फोन मारला. त्याच आठवड्यात त्या पैशातून घराचा ॲडव्हान्स द्यायचा होता, आणि नव्या फोनवर पैसे उघडायला ते बारा शब्दच लागणार होते. नवा फोन घेऊन ती निपाणीला आली, माझ्यासमोर बसली.

"म्हणा आप्पा."

मी म्हटलं, तिनं फोनात टाकलं. फोननं नाकारलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा नाही.

"चाल सोडून म्हणा की."

चाल सोडली की शब्दच सुटायचे.

"आप्पा, कायतरी मागंपुढं झालंय."

"मी कधी चुकलोय का गं?"

तिनं फोन खाली ठेवला. मांडीवर ठेका धरून मनात म्हणत गेलो आणि 'लेमन'पाशी अडकलो. तिथं ठेक्यात शब्द लांब पडत होता, म्हणून पुढचा आखूड शब्द मीच अलीकडं ओढला होता. पाठ करतानाच. भजनात असं आम्ही नेहमी करतो.

हे तिला सांगायला अर्धा तास गेला.

तिनं त्या दोन शब्दांची अदलाबदल केली. उघडलं.

"देवाला चालतंय आप्पा, फोनला न्हाय चालत," म्हणाली आणि डोळे पुसत हसली. मला हसू आलं नाही.

जुना फोन चोराकडं, म्हणून तिथंच बसून तिनं नवे बारा शब्द काढले, पैसे त्यांच्याखाली हलवले आणि शब्द कागदावर लिहिले.

"लॉकर घेते बँकेत," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. शब्द काय आहेत, ते विचारलं नाही.